'लई' कचऱ्यात जायचा न्हाई

धामणवस्तीच्या शाळेत तो नवा फळा आला तेव्हा टेम्पोभोवती सगळं गाव जमलं. उमापूरच्या पुढं, कापसाच्या रानांतून जाणाऱ्या रस्त्याला लागून असलेली ही जिल्हा परिषदेची शाळा. खोल्या चार, शिक्षक तीन. तिथं असला फळा येईल असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. फळा कसला, भिंतीएवढा टीव्हीच. बोटानं लिहिलं की अक्षर उमटायचं, चित्राला बोट लावून ओढलं की ते सरकायचं, त्यातून आवाजही निघायचा. सहावीच्या खोलीला लोखंडी दार होतं म्हणून तो तिथं बसवला. शाळा समितीचे अध्यक्ष राधाकिशन नाना यांनी नारळ फोडला, फोटो निघाले. पाहुणे गेल्यावर मुख्याध्यापक रामेश्वर सरांनी त्यावर घरची एक जुनी चादर टाकली आणि मुलांना बजावलं, की ह्या चादरीला कुणी शिवायचं नाही.

रामेश्वर सर वाईट माणूस नव्हते. भित्रे होते. फळा बिघडला तर वरून विचारणा होईल, आणि बिघडायचा असेल तर तो वापरल्यानंच बिघडेल, एवढा साधा त्यांचा हिशेब. जूनपासून पोळ्यापर्यंत सहावीची चोवीस मुलं त्या चादरीसमोर बसून जुन्याच काळ्या फळ्यावर शिकत राहिली.

त्या वर्गाला मराठी शिकवायच्या अंजनाबाई. वय त्रेपन्न, माहेर कडा गावाकडचं, नोकरीची सव्वीस वर्षं झालेली. आवाज खणखणीत आणि लाल शाईचा पेन कायम पर्सच्या बाहेरच्या कप्प्यात. त्यांच्या हाताखालून गेलेलं मूल 'आहे' आणि 'नाही' लिहिताना चुकत नाही, अशी त्यांची ख्याती होती, आणि त्यांना तिचा अभिमान होता.

फळ्याचं प्रशिक्षण बीडला होतं, दोन दिवसांचं. जायचं होतं हरिओम सरांना. ते तरुण, मोबाईलमध्ये तरबेज. पण नेमकं त्यांना मतदार यादीचं काम लागलं आणि अंजनाबाईंचं नाव पुढं आलं. तिथं कंपनीनं पाठवलेला एक पोरगा भराभरा बोटं फिरवत होता. अंजनाबाईंनी एकदा विचारलं, दुसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारल्यावर तो हसून म्हणाला, "मॅडम, तुमच्या शाळेत कुणी तरुण शिक्षक असतील ना, त्यांनाच पाठवा. तुम्ही कशाला त्रास घेता?"

आजूबाजूचे चार जण हसले. अंजनाबाईंनी मागची खुर्ची उचलली आणि ती सगळ्यात पुढं, त्या पोराच्या पायापाशी नेऊन ठेवली. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे खानावळ शोधत गेले तेव्हा त्या फळ्यासमोर उभ्या राहून एकेक बटण दाबत होत्या. परत आल्या तेव्हा त्यांच्या वहीत बारा पानं भरली होती. पहिल्या पानावर लिहिलं होतं : आधी मागचं बटण. हिरवा दिवा लागेपर्यंत थांबणे. घाबरू नये.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी चादर ओढून काढली, नीट घडी घातली आणि मुख्याध्यापकांच्या टेबलावर नेऊन ठेवली.

"सर, ही घरी न्या. फळा आजपासून सुरू."

"अहो बाई, काही झालं तर?"

"झालं तर माझं नाव लिहा."

पहिले पंधरा दिवस मुलांची नुसती करमणूक झाली. बाईंनी इथं बोट टेकवावं आणि रेघ चार बोटं पलीकडं उमटावी. बाईंनी 'क' लिहावा आणि फळ्याला तो चौकोन वाटावा. वहीच्या सातव्या पानावर त्याचा इलाज सापडला. कोपऱ्यांत अधिकच्या खुणा येतात, त्यांवर एकेक करून बोट ठेवायचं, म्हणजे फळ्याला आपलं बोट ओळखू येतं. लाईटचा तर भरवसाच नव्हता. ती आली की गणित अर्ध्यावर सोडून मराठी सुरू व्हायचं आणि हरिओम सर बिचारे काही म्हणायचे नाहीत. उंची पुरत नाही म्हणून एक बाक आडवा लावला. त्यावर चढून मुलं लिहू लागली. जी मुलं वर्षानुवर्षं तोंड उघडत नव्हती, ती बाकावर चढायला भांडू लागली.

मग अंजनाबाईंनी स्वतः पहिला पाठ तयार केला. फळ्यात तयार खेळांचे साचे होते, त्यातला एक त्यांनी निवडला. एका बाजूला परडी, दुसऱ्या बाजूला कचरापेटी, मध्ये शब्द. शुद्ध शब्द परडीत टाकायचा, अशुद्ध कचरापेटीत. कचऱ्यात शब्द पडला की कागद चुरगळल्याचा आवाज यायचा आणि मग टाळ्या. चार दिवस खपून बाईंनी त्यात शब्द भरले. आहे, हाय. नाही, न्हाई. आम्ही, आमी. का, कावून. खूप, लई. गेलो होतो, गेलतो. सव्वीस वर्षं ज्या चुका त्या लाल शाईनं गोल करत आल्या होत्या, त्याच.

वर्ग खूश झाला. 'हाय' कचऱ्यात गेला, टाळ्या. 'न्हाई' कचऱ्यात, टाळ्या. अध्यक्षांची लेक संस्कृती हिनं 'आमी' असा फेकला की सगळे खिदळले. मग ऋतुजाची पाळी आली. ऋतुजा मेंढपाळाच्या घरची, अंगानं बारीक, वर्गात फारशी न बोलणारी. ती बाकावर चढली, 'लई' या शब्दावर तिनं बोट ठेवलं आणि तो कचरापेटीच्या तोंडापर्यंत ओढत नेला. तिथं ती थांबली. बोट उचलेना.

"टाक गं," अंजनाबाई म्हणाल्या. "लाईट जाईल."

ऋतुजानं मान वळवली. "बाई, माझी आय मला म्हणती, तू मला लई आवडती. ह्यो कचऱ्यात कावून टाकायचा?"

मुलं हसली. अंजनाबाई म्हणाल्या, अगं, हा नुसता खेळ आहे, बरोबर शब्द 'खूप' आहे, टाक बघू. ऋतुजानं शब्द परत ओढला, परडीतही टाकला नाही, जिथला होता तिथं मधोमध आणून सोडला. मग बाकावरून उतरून जागेवर जाऊन बसली. अंजनाबाईंना राग आला. सगळ्या वर्गासमोर एका पोरीनं ऐकलं नाही, आणि तेही त्यांच्या पहिल्याच पाठाला. त्यांनी तो शब्द स्वतःच्या हातानं कचऱ्यात टाकला. टाळ्या वाजल्या. मुलांनी नाही, फळ्यानं वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी ऋतुजा आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी शाळा सुटल्यावर अंजनाबाई तिच्या वस्तीवर गेल्या. आजारी असेल, नाहीतर मेंढरांमागं गेली असेल, अशी मनाची समजूत घालत गेल्या. जाळीच्या कुंपणात मेंढरं कोंडलेली होती. ऋतुजाची आई तुळजाबाई एका कोकराला बाटलीनं दूध पाजत होती. तिनं बाईंना बसायला घोंगडी टाकली, पाणी दिलं. पोरगी म्हाळूबरोबर, तिच्या बापाबरोबर, रानात गेल्याचं सांगितलं.

"आजारी नाही ना?" बाईंनी विचारलं.

"न्हाई. शाळेत जायचं न्हाई म्हणती. मला भाषा येत न्हाई म्हणती." तुळजाबाईनं कोकराच्या तोंडातली बाटली काढली आणि पदरानं त्याचं तोंड पुसलं. आवाजात तक्रार नव्हती, खरोखरीचा प्रश्न होता. "बाई, मी शिकलेली न्हाई. माझं बोलणं चुकीचं हाय तर मी पोरीशी बोलू का नको, तेवढं सांगा. तिचं नुकसान होत असंल तर मी गप बसंन."

अंजनाबाई घोंगडीवरून उठल्या, सोमवारी पोरीला पाठवा एवढं म्हणाल्या आणि रस्त्याला लागल्या. वाटेत त्यांना एकेक वही आठवू लागली. त्यांना वाटत आलं होतं की आपण शब्द सुधारतो. कुठल्या घरात कुठली आई त्या लाल गोलामुळं गप्प झाली असेल, हे त्यांनी कधी मनात आणलं नव्हतं. त्यांची स्वतःची आई शेवटपर्यंत 'व्हय' म्हणायची. आणि पाहुण्यांसमोर ती तसं म्हणाली की अंजनाबाई मान खाली घालायच्या.

सोमवारी ऋतुजा आली, पण खालमानेनं. अंजनाबाईंनी फळा सुरू केला. कचरापेटी गेली होती. तिच्या जागी दोन घरं काढलेली होती, एकावर 'घरची मराठी', दुसऱ्यावर 'पुस्तकाची मराठी', आणि दोन्हींच्या मध्ये पूल. बाई म्हणाल्या, मागच्या आठवड्यात माझी चूक झाली. शिक्षक चूक कबूल करतात हे मुलांनी कधी ऐकलं नव्हतं. बाईंनी सांगितलं, की कुठलाच शब्द कचरा नसतो. परीक्षेत पुस्तकाचा शब्द लिहायचा, घरी घरचा बोलायचा, आणि कुठला कुठं हे ज्याला कळतं तो हुशार. मग म्हणाल्या, "ऋतुजा, ये. 'लई' कुठं राहतो, दाखव."

त्या दिवसापासून ते खूळ वाढत गेलं. मुलं घरून शब्द आणू लागली. मेंढरांना हाकारायचे शब्द, कापूस वेचणाऱ्या बायकांचे शब्द, कुणाच्या आजोबांचे निजामाच्या वेळेपासून चालत आलेले शब्द. प्रत्येक शब्दासमोर पुस्तकातला जोडीदार शोधायचा, नाही सापडला तर जागा मोकळी ठेवायची. हरिओम सरांनी मोबाईलवर आवाज भरून तो फळ्यात कसा घालायचा ते शिकवलं. मग एके दिवशी तुळजाबाई पाच मिनिटांसाठी म्हणून शाळेत आली आणि तासभर बोलत बसली. मेंढीच्या वयाप्रमाणं, रंगाप्रमाणं, कानांप्रमाणं तिला काय काय म्हणतात ते तिनं सांगितलं. ते सगळं सरांनी भरून घेतलं, आणि मग मेंढीच्या चित्राला बोट लावलं की भिंतीतून तुळजाबाई बोलायची. ऋतुजा रोज सकाळी येऊन एकदा तरी बोट लावायची. आणि गंमत अशी, की सहामाहीला बाईंनी निबंध तपासले तेव्हा 'हाय' कुठंच नव्हता. जिथं पात्रं बोलत होती तिथं मात्र होता, अवतरणचिन्हात, मुद्दाम लिहिलेला.

हे राधाकिशन नानांच्या कानावर गेलं. नाना मोठे बागायतदार, राजकारणात वजन असलेले. त्यांचा थोरला गेवराईच्या इंग्रजी शाळेत. पण समितीचा अध्यक्ष व्हायचं तर शाळेत स्वतःचं मूल पाहिजे, म्हणून धाकटी संस्कृती इथं. एके दिवशी तिनं जेवताना वडिलांना विचारलं, नाना, तुमी 'जल्दी' म्हणता तो शब्द कुठून आला? आज आम्ही फळ्यावर घेतला. नानांचा घास हातात राहिला. एवढा मोठा फळा आणला तो पोरांना अडाण्यासारखं बोलायला शिकवायला का, असं म्हणत ते उठले, आणि शुक्रवारी पालकांची सभा लागली.

सभा सहावीच्याच वर्गात भरली. तीसेक माणसं, बहुतेक पुरुष. दारापाशी तुळजाबाई आणि आणखी दोघी उभ्या. रामेश्वर सरांनी अंजनाबाईंना आधीच बाजूला घेऊन विनवलं होतं, की फक्त 'यापुढं असं होणार नाही' एवढं म्हणा, बाकी मी सांभाळतो.

नाना उभे राहिले. "आमी पोरं शाळेत कावून घालतो? सुधरावं म्हणून. गावचंच बोलायचं तर घरी काय कमी हाय?"

अंजनाबाई उठल्या, फळ्यापाशी गेल्या आणि नानांचं वाक्य जसंच्या तसं फळ्यावर लिहून काढलं. मग वहीतलं पान उलटत त्यांनी जुना पाठ शोधून वर आणला. परडी, कचरापेटी, मध्ये नानांचे शब्द.

"नाना, हा माझा पहिला पाठ. तुम्हाला पाहिजे तोच. या, ह्यातलं जे अशुद्ध असेल ते तुमच्या हातानं कचऱ्यात टाका."

नाना अडले नाहीत. ते तरातरा पुढं आले आणि 'आमी' वर बोट ठेवलं. शब्द बोटाला चिकटून आला. तो कचरापेटीकडं जाऊ लागला. मागं बसलेले एक म्हातारे बाबा शेजाऱ्याला हळूच म्हणाले, ह्याचा बा बी आसंच बोलायचा. ते सगळ्यांना ऐकू गेलं. नानांचं बोट थांबलं. मग त्यांनी हात झटकल्यासारखा मागं घेतला.

"मला खेळ दाखवता का?"

आतापर्यंत अंजनाबाई शाळेत पुस्तकाची मराठी सोडून बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी बोलल्या.

"न्हाई, नाना. मी पोरांस्नी हाच खेळ सव्वीस वर्षं खेळायला लावला. तुमचा हात एका शब्दाला थांबला, त्यांचा कुणी थांबू दिला न्हाई. पुस्तकाची मराठी मी शिकवती आन् शिकवीनच, त्यांचे पेपर बघा. पण त्यासाठी कुणाची आय कचऱ्यात टाकायला सांगाल तर ते माझ्याच्यानं होणार न्हाई. बदली करायची तर करा."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नानांविरुद्ध टाळ्या वाजवणारं गाव नव्हतं ते. फक्त दारातून तुळजाबाई म्हणाली, "मला पैलं एकच मराठी येत हुती. पोरगी घरी येऊन सांगती तर आता दोन कळत्यात. ह्यात वाईट काय झालं, तेवढं सांगा." नाना 'बघतो' म्हणून निघून गेले आणि त्यांच्यामागं अर्धी सभा गेली.

दहा दिवसांत वरून पत्र आलं. अंजनाबाईंनी तीन दिवसांत लेखी खुलासा द्यावा, आणि सुरक्षेच्या कारणास्तव फळा वर्गातून काढून मुख्याध्यापकांच्या कार्यालयात बसवावा. रामेश्वर सरांनी खुलाशाचा मसुदा स्वतः लिहून आणला होता. त्यात 'दिलगीर' हा शब्द तीनदा होता. अंजनाबाईंनी तो वाचला, आभार मानले आणि दुसरा कागद घेतला. त्यांनी लिहिलं : 'मी मुलांना प्रमाण मराठी शिकवते व शिकवत राहीन. त्यासाठी त्यांची घरची मराठी खोडून काढायला मी यापुढे तयार नाही. ते काम मी सव्वीस वर्षे केले. त्याचा खुलासा मात्र माझ्याकडे आजवर कुणीही मागितला नाही.' खाली सही केली आणि पाकीट स्वतः पोस्टात टाकून आल्या.

फळा हलवताना चार माणसं लागली. सहावीच्या भिंतीवर चार भोकं राहिली. मुलं त्या भोकांकडं बघत बसली होती, तेव्हा अंजनाबाई आत आल्या, वह्या घ्यायला सांगितल्या आणि सगळ्यांना रांगेनं बाहेर काढलं. रांग थेट कार्यालयात गेली. चोवीस मुलं फायलींच्या कपाटाखाली, टेबलाभोवती, दाराच्या उंबऱ्यापर्यंत मांडी घालून बसली.

रामेश्वर सर खुर्चीतून अर्धवट उठले. "बाई, हे इथं कुठं?"

"फळा हलवा असं पत्रात आहे, सर. तास बंद करा असं कुठं लिहिलंय ते दाखवा."

सरांनी पत्र काढलं. एकदा वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. तसं कुठंच लिहिलेलं नव्हतं. मग ते खाली बसले, आणि तासभर गुडघे जवळ घेऊन बसून राहिले, कारण टेबलाखाली ऋतुजा आणि संस्कृती बसल्या होत्या. नानांनी लेकीला शाळेतून काढलं नव्हतं. काढलं असतं तर अध्यक्षपद गेलं असतं. ती मात्र रोज घरून एक शब्द आणत होती, आणि तो कुणाकडून आणला ते सांगत नव्हती.

दोन दिवस सर तसेच बसले. तिसऱ्या दिवशी त्यांनी आपली खुर्ची उचलली, हजेरीपत्रक काखेत मारलं आणि व्हरांड्यात जाऊन बसले. तास रंगात आला होता. तुळजाबाईनं सांगितलेल्या एका काळ्या कानाच्या मेंढीच्या नावाला पुस्तकात जोडीदार आहे का यावर वाद चालला होता, आणि अंजनाबाई म्हणत होत्या की नसेल तर नसू दे, पुस्तकाला आपण देऊ. इतक्यात बाहेर सरांचा फोन वाजला. वरच्या साहेबांचा होता. खुलाशाची भाषा उद्धट आहे, बाईंना ताबडतोब फोनवर बोलवा, असं ते म्हणत असावेत. कारण सर उठून उभे राहिले होते आणि 'हो साहेब, हो साहेब' करत होते.

अंजनाबाईंनी ऐकलं. हातातला खडू खाली ठेवावा तसं त्यांनी फळ्यावरचं बोट खाली घेतलं आणि थांबल्या. मुलंही थांबली.

सरांनी एकदा आत पाहिलं. दाटीवाटीनं बसलेली चोवीस डोकी त्यांच्याकडं वळलेली होती. त्यांनी घसा खाकरला आणि फोनमध्ये म्हणाले, "साहेब, बाई तासावर हायेत. तास संपला की बोलतील."

पलीकडून काहीतरी मोठ्यानं बोलणं ऐकू आलं. सरांनी फोन कानापासून जरा लांब धरला, ते बोलणं संपू दिलं, आणि दुसऱ्या हातानं कार्यालयाचं दार हलकेच ओढून घेतलं, म्हणजे आत आवाज जायला नको.